बिनवासाच्या गॅसवरची नोकरी

माझं नाक गेलं ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. चेहऱ्यावरचं आहे अजून, चष्मा त्याच्यावरच टिकतो. वास गेला. आम्हा नवराबायकोला दोघांनाही कोरोना झाला. ती महिन्याभरात पहिल्यासारखी भांडायला लागली. मीही बरा झालो, फक्त वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पुढं त्या डॉक्टरांची बदली झाली, वास तरी आलाच नाही.

दुसऱ्या कुणाचा गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. मी नांदेडला एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो आणि माझं पोट त्या नाकावरच चालत होतं. 'गॅसचा वास येऊन राहिला' असा फोन आला की एजन्सीवाले मलाच पाठवायचे. मी दारात चप्पल काढता काढताच सांगायचो, नळी गेलीय का शेगडीचा कॉक. एका घरी तर सगळी माणसं अंगणात येऊन बसली होती, शेजारीपाजारी जमा झाले होते. मी आत जाऊन आलो आणि म्हणलं, "ताई, गॅस न्हाई, ओट्याखाली कोबी सडलाय." त्या बाईंनी मला चहा दिला नाही, पण पुढच्या वेळी फोन केला तेव्हा माझंच नाव सांगून बोलावलं.

वास गेल्यावरही मी महिना दोन महिने तसाच कामावर जात होतो. साबणाचं पाणी होतंच की हाताशी. लावलं की बुडबुडा येतो, त्याला नाक लागत नाही. पण लोकांना बुडबुड्यावर भरोसा नसतो. एका स्वयंपाकघरात बाई तोंडाला पदर लावून उभी, पोरं बाहेर पिटाळलेली, आणि मी मधोमध उभा राहून म्हणतोय, "मला तर काहीच येत न्हाई." खरं तेच बोललो. बाईंनी एजन्सीला फोन लावला आणि विचारलं, हा माणूस काऊन पाठवला, ह्याला नाक तरी हाय का? मालकानं मला आधी ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं, मग थोड्या दिवसांनी म्हणाला, बघा दुसरीकडं कुठं जमतंय का.

दुसरीकडं म्हणजे लातूर. गावाबाहेर एक कोल्ड स्टोरेज आहे. चिंच, बेदाणे, असला माल तिथं थंडीत ठेवलेला असतो. तिथं एका कंपनीनं प्रयोग म्हणून हायड्रोजनवर वीज करणारं यंत्र बसवलं होतं. लाइट गेली की डिझेलच्या जनरेटरऐवजी ते चालू व्हायचं. धूर नाही, आवाज नाही. ट्रकमधून सिलिंडर यायचे, बाहेरच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आणि तिथून बारीक स्टीलच्या नळीनं गॅस आतल्या खोलीत जायचा. त्या खोलीवर लक्ष ठेवायला गॅसची माहिती असलेला माणूस पाहिजे होता.

तिथले साहेब वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, मला काका म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "काका, एक लक्षात ठेवा. ह्या गॅसला वास नसतो."

मी विचारलं, "अजिबात?"

"अजिबात."

"कुणालाच येत नाही?"

"कुणालाच येत नाही."

मी म्हणलं, "उद्यापासून येतो."

घरी येऊन बायकोला सांगितलं की असा गॅस सापडलाय ज्याच्यापुढं सगळी दुनिया माझ्यासारखीच आहे. ती म्हणाली, "लई आनंद व्हायला नको, तो पेटतो का न्हाई ते सांगा." पेटतो म्हणलं. लई पेटतो.

तसं पाहिलं तर स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. तो सडका वास माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घातलेला असतो. इथं तसं करता येत नाही. वासाचं ते औषध यंत्राच्या पोटात गेलं की यंत्र बिघडतं. म्हणून इथं नाक विकत आणायचं. एक सेन्सर खोलीच्या छताला, त्याचा आकडा बाहेर पॅनलवर दिसतो. दुसरा छोटा, खिशाला अडकवायचा, गॅस लागला की तो चिरकतो. छताला अशासाठी की हायड्रोजन हलका, सुटला की सरळ वर जाऊन बसतो. मी जन्मभर बायाबापड्यांना सांगत आलो होतो की गॅस खाली बसतो, खाली बघा, दार उघडा. इथं आल्यावर पहिले काही दिवस मी सवयीनं वाकून फरशीच बघायचो. साहेब विचारायचे, काका, काही पडलं का?

आणि ह्या गॅसची आग दिवसाउजेडी दिसत नाही. नळीच्या तोंडाशी जाळ चालू असतो आणि आपल्याला वाटतं काहीच नाही. ट्रेनिंग द्यायला आलेला माणूस म्हणाला, जाळ दाखवणारा कॅमेरा नसेल तिथं लोक वाळका झाडू पुढं धरून चालायचे, झाडू पेटला की कळायचं, इथं आग आहे. माझ्यासोबत पाळीला नायगावकडचे एक मामा होते, माझ्याहून मोठे, फार देवभोळे. ते उभेच राहिले. "फडा म्हणजे लक्ष्मी. दिवाळीला आम्ही तिची पूजा करतो. तिला जाळात घालायचं? मी न्हाई धरणार." ट्रेनिंगवाला पुण्याचा होता, त्याला हे कुठं शिकवलेलं नव्हतं. शेवटी मामांनीच शेतातून तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, जुडी आणली आणि दाराशी उभी केली. तुराट्या चुलीत जातातच, त्यांचा कुणाला राग नसतो. ट्रेनिंगवाल्यानं तिचा फोटो काढून नेला.

माझं रोजचं पहिलं काम म्हणजे शिडी लावून वर चढायचं आणि छताच्या सेन्सरला चाचणीचा थोडासा गॅस हुंगवायचा. वाजला पाहिजे. वाजला तर नाक जागं आहे. मामांना ह्याचा कंटाळा यायचा. खाली शिडी धरून म्हणायचे, "रोज कशाला छळता त्याला? काल वाजला की."

"माझं नाक पण आदल्या दिवशीपर्यंत वाजत होतं, मामा."

मामा म्हणायचे, "तुमचं आपलं सगळीकडं तेच."

असं बरं चाललं होतं. मग वर्षाची वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टर कोल्ड स्टोरेजवरच आले, टेबल मांडून बसले. डोळे बघितले, कान बघितले, आणि एक बाटली माझ्या नाकाखाली धरली. मी विचारलं, पाणी आहे का? डॉक्टर म्हणाले, लवंगेचं तेल आहे. त्यांनी दोनदा धरली. नंतर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं आपण बंद पडलेल्या घड्याळाकडं बघतो, आणि साहेबांना आत बोलावलं.

साहेबांनी मला संध्याकाळी केबिनमध्ये बसवलं. "काका, गॅसच्या जागेवर असलेल्या माणसाला वास येत नाही. हे बरोबर नाही."

मी म्हणलं, "साहेब, गॅसलाच वास नाही."

"ते ठीक आहे. पण उद्या काही झालं आणि वरून विचारणा आली की माणसाला वास येत होता का, तर मी काय सांगू?"

"सांगा की कुणालाच येत नव्हता."

साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, नियमाला भिऊन होता. म्हणाले, दसऱ्यानंतर तुम्हाला गेटवर घेऊ, गाड्या तपासायला, पगारात फरक पडणार नाही. केबिनच्या बाहेर आलो आणि मला असा राग आला की काय सांगू. राग साहेबांवर नव्हता, कुणावर होता ते मला आजही सांगता येणार नाही. गेट म्हणजे काय वाईट नाही हो. सावली असते, खुर्ची असते. पण मला गॅसशिवाय दुसरं काहीच येत नाही. एकदा नांदेडला माझ्या हातातून ते काढून घेतलं होतं. दुसऱ्यांदा काढलं तर मी नुसता खुर्चीत बसलेला म्हातारा होणार होतो, आणि त्याची मला भीती वाटत होती.

घरी सांगितलं. बायको दर गोष्टीवर बोलते, त्या दिवशी काहीच बोलली नाही. भाजी चिरत बसली.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, शिंपी मशीन पुजतो. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंप्रेसरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. हायड्रोजनच्या खोलीची पहिलीच खंडेनवमी. मामांनी दोन दिवस आधीच यादी सांगितली, हार, नारळ, कोहळा, अगरबत्ती, कापूर.

मी म्हणलं, "अगरबत्ती न्हाई. कापूर न्हाई."

"आरतीबगर पूजा?"

"आरती बाहेर लिंबाखाली. आत जाळ न्हाई."

"एकच कापराची वडी हो. ओवाळून लगेच बाहेर आणतो."

"मामा, देवाला आत जाऊन भेटायचं का वर जाऊन?"

मामांचं तोंड बारीक झालं. म्हणाले, माणसाचं नाक गेलं की श्रद्धा पण जाते का काय. मी नास्तिक नाही, शनिवार धरतो. पण दारात हात आडवे लावून उभा राहिलो तो राहिलोच. साहेबांनीही मध्ये पडून पाहिलं, "काका, आजच्या दिवस जरा समजून घ्या." मी म्हणलं, "साहेब, दसऱ्यानंतर मी गेटवर हाय. तोपर्यंत दार माझं हाय." असं मी साहेबांशी आधी कधी बोललो नव्हतो.

शेवटी ठरलं, आत फक्त हळदीकुंकू आणि हार, आरती बाहेर. मी लिंबाखाली जागा झाडून घ्यायला गेलो, ताट मांडलं, कोहळा फुटल्यावर चालत्या माणसांचे पाय घसरू नयेत म्हणून आधीच कोपरा पाहून ठेवला. आत मामा आणि दोघं-चौघं सजावट करत होते. मग सगळे बाहेर आले, आरती झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटला. साहेबांनी बाहेरूनच पॅनलकडं बघितलं आणि म्हणाले, "शून्य आहे. सगळं व्यवस्थित. चला, सुट्टी."

सगळे निघाले. मी दार लावायला गेलो तेव्हा वर नजर गेली. छताच्या सेन्सरला झेंडूची माळ घातलेली होती. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण माळ घातली म्हणजे कुणीतरी वर चढलं होतं, आणि चढलं म्हणजे त्या नाकाला हात लागला होता. मी म्हणलं माळ काढावी आणि सुट्टीवर जाण्याआधी चाचणीचा गॅस एकदा हुंगवून घ्यावा. शिडी मामांनी भिंतीलाच टेकवून ठेवली होती. मी चढायला लागलो. डोकं छताच्या जवळ गेलं आणि माझ्या खिशातला छोटा सेन्सर चिरकायला लागला.

मी शिडीवर थांबलो. खिशातला जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि माझ्या तोंडासमोर, वितीभर अंतरावर, छतावरचा मोठा गप्प. त्याच्या तोंडावरच्या जाळीला हळद आणि कुंकू पाण्यात कालवून, बोटानं दाबून, छान जाड लावलेलं होतं. जाळी पूर्ण लिंपलेली. त्याचं नाक बंद होतं, म्हणून तो शून्य सांगत होता. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याला खरंच काही येत नव्हतं.

खाली कसा उतरलो आठवत नाही. एकच कळत होतं, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, लाइट चालू आहे ती चालू राहू द्यायची, पंखा बंद आहे तो बंद राहू द्यायचा. बाहेर येऊन पिंजऱ्यातला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. मग ओरडलो. लोक गेटपाशी घोळका करून फोटो काढत होते. "लांब व्हा! फोन खिशात घाला! गाड्या चालू करू नका!" मामांच्या हातात आरतीचं ताट होतं आणि कापूर अजून जळत होता. ते विचारायला माझ्याकडंच यायला लागले, "काय झालं?" मी आयुष्यात कुणाला दिली नाही अशी शिवी मामांना दिली. मामा जागच्या जागी खाली बसले आणि पदराखाली दिवा झाकावा तसा ताटातला कापूर मातीनं विझवला.

खोलीच्या छताला वारा जाण्यासाठी झरोके होते, त्यातून गॅस निघून गेला. आम्ही सगळे मोकळ्या मैदानात उभे होतो. बराच वेळ थांबलो. खिशातला सेन्सर लांब काठीला बांधून मी दारातून आत वर धरला, गप्प झाला होता, तेव्हा आत गेलो. माळ बांधायला चढताना शिडी नळीवर टेकवली होती आणि नळीचा जोड थोडा हलला होता. नंतर कंपनीचा माणूस आला. नळीत थोडासाच दाब सोडून साबणाचं पाणी लावलं तेव्हा जोडावर बारीक बुडबुडे आले. एवढेसे, भात शिजताना कडेला येतात तेवढे.

मामा दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला घरी आले. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, पाया पडायला लागले, मी पडू दिलं नाही. ते मोठे माझ्यापेक्षा. म्हणाले, "मी नुसतं सगळ्या यंत्राला लावलं, मग त्यालाच कसं सोडू? तेच तर सगळ्यात वर बसलेलं." मी म्हणलं, बरोबर आहे मामा. मग निघताना त्यांनी दारात वळून सांगितलं, "पण पूजा केली म्हणूनच तुम्हाला वर बघायची बुद्धी झाली."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी मनाची तयारी करूनच गेलो होतो, गेटवरच्या खुर्चीसाठी घरून उशी न्यावी का, इथपर्यंत विचार झाला होता.

साहेब म्हणाले, "काका, एक सांगा. पॅनलवर शून्य होतं. मीच बघितलं. मग तुम्ही वर कशाला चढलात?"

"साहेब, डॉक्टरांनी माझ्या नाकाखाली लवंगेचं तेल धरलं तेव्हा मी काय म्हणालो?"

"पाणी आहे का, असं म्हणालात. डॉक्टरांनीच सांगितलं मला."

"तेच. मला रोज शून्यच येतं साहेब. दूध करपलं तरी शून्य, घरात गॅस भरला तरी शून्य. शून्य आलं म्हणजे गॅस नाही असं नसतं. आधी नाक जागं आहे का ते विचारायचं असतं. ते मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही."

साहेब टेबलावरची काच पुसत बसले. स्वच्छ होती ती. मग म्हणाले, "गेटचं राहू द्या. डॉक्टरांशी मी बोलतो." आणि पुढं, "सेन्सरला हात लावायचा अधिकार फक्त तुम्हाला, असं लिहून लावतो दारावर."

मी बाहेर आलो आणि शेडच्या मागं जाऊन रडलो. लाज कशाची त्यात. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि सेन्सरची जाळी बदलायला घेतली.

संध्याकाळी घरी गेलो. बायको ज्वारी निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर न काढता विचारलं, "काय झालं?"

"ऱ्हायली नोकरी. तिथंच."

तिनं सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ती माझ्यासमोर चिडून रडलेली मी पाहिलीय, अशी नव्हती पाहिली. मी म्हणलं, अगं, चांगलं झालं म्हणून कुणी असं रडतं का?

"मला बोलू द्या," ती म्हणाली. "ताप मला आधी आला होता. तुमच्या आधी चार-सहा दिवस. मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर उचलून त्या कोविड सेंटरात नेलं असतं, तिथून माणसं परत येईनात तेव्हा. मी भ्याले. गोळी खाऊन कामं करत ऱ्हायले. तुम्हाला रोज भाकरी करून वाढली मी, त्याच हातानं. तुमचं नाक माझ्यामुळं गेलं. नांदेडचं काम माझ्यामुळं गेलं. हे पण गेलं असतं तर मी मरेपर्यंत सांगितलं नसतं."

बाहेर पोरांचा आवाज येत होता. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"मला माहीत होतं," मी म्हणलं.

तिनं मान वर केली. "काय माहीत होतं?"

"भाकरी वाढताना तुझा हात लागला होता माझ्या हाताला. तव्यासारखा तापला होता. तू सेंटरला भीत होतीस, अन् मी तुला. म्हणून बोललो न्हाई."

"अन् तरी खाल्ली भाकरी?"

"भूक लागली होती," मी म्हणलं.